पहिल्या पायरीची उंची

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या दिवाळीच्या सुटीत मामांनी कागदांची एक चळत माझ्यापुढे टाकली आणि म्हणाले, "कॉलेजात जातेस ना? मग हे वाच, आणि कोणता घ्यायचा ते सांग." कॅमेऱ्यांची माहितीपत्रके होती ती, झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणलेली. सगळी इंग्रजीत. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. त्यामुळे विम्याच्या कागदापासून औषधाच्या बाटलीपर्यंत जे जे इंग्रजीत येते ते माझ्या पुढ्यात येते. कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सगळे कळते असा घरच्यांचा समज आहे. बी. ए. ला इतिहास असतो, मराठी असते, कॅमेरा नसतो, हे त्यांना कोणी सांगावे!

मामांचा तालुक्याच्या गावी, एस. टी. स्टँडसमोर फोटो स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे दहा बाय बाराची खोली, मागे निळा पडदा, कोपऱ्यात एक स्टूल आणि ओळखपत्राचे फोटो काढायला आलेल्यांसाठी भिंतीला टांगलेला कंगवा. पोट भरते ते लग्नांवर. अकरावीपासून मी सुटीच्या दिवशी आणि मुहूर्ताच्या दिवशी त्यांच्याबरोबर जाते. हळदीच्या वेळी बायकांच्या घोळक्यात मुलगी फोटो काढणारी असली तर बायकांना बरे वाटते, म्हणून मला मागणीही आहे. तेव्हा मामांचा प्रश्न हा नुसता मामांचा नव्हता. माझी फी, वह्या-पुस्तके, एस. टी. चा पास, बरेचसे या कॅमेऱ्यातूनच निघते. हे आधी सांगितले, कारण पुढे मी जे मत मांडणार आहे ते दुकानाच्या काचेतून कॅमेरा पाहणाऱ्याचे नाही.

त्या कागदांवर एक शब्द पुनःपुन्हा येत होता: एन्ट्री-लेव्हल. म्हणजे प्रवेशाच्या पातळीचा. आपण पहिल्या पायरीचा म्हणू. एन्ट्री-लेव्हल फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरा. नाव मारुतीच्या शेपटासारखे लांब आणि किंमत दीड लाखाच्या घरात, तीही भिंगाशिवाय! माझे वडील मार्केट यार्डात हमाल आहेत. जी पायरी चढायला त्यांची जवळजवळ वर्षाची कमाई लागेल, तिला पहिली पायरी कोणी म्हणावे? माझ्या मनात प्रथम आला तो रागच. पण राग आला म्हणून वाचन सोडून चालत नाही. मी ती सगळी चळत वाचून काढली. आणि वाचता वाचता माझे मत थोडे बदलले, थोडे तसेच राहिले.

फुल-फ्रेम म्हणजे काय, हे आधी मलाच समजून घ्यावे लागले. कॅमेऱ्याच्या पोटात प्रकाश झेलणारा जो सेन्सर असतो तो ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असला की त्याला फुल-फ्रेम म्हणतात. हे माप कोणी शास्त्रज्ञाने गणित मांडून काढलेले नाही. जर्मनीतील वेट्झलार गावी लाइट्झ यांच्या कारखान्यात ऑस्कर बार्नाक नावाचे तंत्रज्ञ होते. त्यांना दम्याचा विकार होता. त्या काळचे अवजड कॅमेरे आणि काचेच्या पट्ट्या घेऊन डोंगर चढणे त्यांना झेपेना. म्हणून त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म घेतली, तिच्यावरच्या दोन चौकटींची मिळून एक चौकट केली आणि खिशात मावेल असा कॅमेरा बनवला. तोच लायका, १९२५ साली लाइपझिगच्या जत्रेत तो लोकांपुढे आला. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हे फार आवडले. आज ज्या मापाला आपण भारी, धंदेवाइकांचे माप समजतो ते मुळात एका दमेकरी माणसाने ओझे कमी करण्यासाठी निवडलेले छोटे माप होते.

मामांचा जुना कॅमेरा आहे तो याहून लहान सेन्सरचा. त्याचे क्षेत्रफळ फुल-फ्रेमच्या निम्म्याहूनही कमी. याने काय फरक पडतो? पावसाळ्यात आमच्या पत्र्याच्या पन्हाळीखाली आई परात ठेवते आणि शेजारच्या काकू तांब्या ठेवतात. पाऊस दोघींकडे सारखाच पडतो. पण पाऊस रिमझिम असला म्हणजे तांब्या आणि परात यांतला फरक कळतो. उजेडाचेही तेच. भर उन्हात कोणताही कॅमेरा चांगला. रात्रीच्या मांडवात लहान सेन्सरचा आयएसओ वाढवत नेला की नवरीच्या गालांवर खसखस पेरल्यासारखे दाणे येतात.

आणि मिररलेस म्हणजे आरसा नसलेला. जुन्या कॅमेऱ्यात भिंगातून आलेला उजेड आरशावरून डोळ्याकडे वळतो. बटण दाबले की आरसा खटकन वर जातो आणि मग उजेड आत पोचतो. म्हणजे नेमक्या क्षणी छायाचित्रकार आंधळा! आरसा काढून टाकल्यावर सेन्सरवर जे उमटते तेच चित्र डोळ्यापुढच्या लहान पडद्यावर दिसते. शिकणाऱ्याला हे किती मोठे वरदान आहे हे शिकलेल्याला कळणार नाही. फोटो काळा पडणार की पांढरा फटक, हे बटण दाबण्याआधीच दिसते. मी शिकले तेव्हा चूक नंतर कळायची, आणि ती आधी दुसऱ्या कोणाला तरी कळायची.

ती चूक सांगायलाच हवी. मी बारावीत असताना शेजारच्या गावात एक गोरज मुहूर्ताचे लग्न होते. मामा व्हिडिओवर, मी फोटोवर. मंगलाष्टके संपत आली आणि नेमकी वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत मांडवात चार मोबाइलचे दिवे. "तदेव लग्नं" झाले, अंतरपाट बाजूला झाला, अक्षता पडल्या, नवरीने मान वर करून नवऱ्याकडे पाहिले. आणि माझ्या कॅमेऱ्याचे भिंग पुढे-मागे, पुढे-मागे करीत राहिले. अंधारात त्याला काही सापडेना. शेवटी सापडला तो मागचा बँडवाला. त्याचा ताशा फोटोत अगदी स्वच्छ आला आहे, ताशाच्या दोऱ्या मोजून घ्याव्यात! नवरा-नवरी मात्र धुक्यात. वरपक्षाने ठरल्या रकमेतून तीन हजार कापले. मामा मला एका शब्दाने बोलले नाहीत. परतीच्या वाटेवर मोटारसायकल चालवताना ते एकदाच म्हणाले, "हा क्षण परत लावता येत नाही गं." तो ताशा अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

म्हणून माहितीपत्रके वाचताना मी एकच कसोटी लावली. त्या दिवशी हा कॅमेरा हातात असता तर काय झाले असते?

या कसोटीवर पुष्कळशा सुधारणा गळून पडतात. मी मुख्यतः निकॉन कंपनीचे दोन कॅमेरे ताडून पाहिले: २०२० साली आलेला झेड ५ आणि एप्रिल २०२५ मध्ये आलेला त्याचा धाकटा भाऊ झेड ५ टू. लोक पहिल्याने विचारतात ते मेगापिक्सेल. जुन्यात २४.३ होते, नव्यात २४.५ आहेत. छायाचित्राची रुंदी ६०१६ ठिपके होती, ती ६०४८ झाली. पाच वर्षांत बत्तीस ठिपके! मला हे वाचून हसू आले, पण नंतर पटले, की हीच शहाणपणाची गोष्ट आहे. लग्नाच्या अल्बमचे पान बारा बाय छत्तीस इंचांचे असते. त्यावर तीन-चार फोटो बसवायला चोवीस मेगापिक्सेल पुरून उरतात. आकडा वाढवला असता तर फायली तेवढ्या जड झाल्या असत्या आणि मामांचा संगणक बसला असता. वेगाचेही तसेच. यांत्रिक शटरने जुना सेकंदाला साडेचार फोटो काढी, नवा फाइलच्या प्रकाराप्रमाणे अकरा ते चौदा काढतो. पळणारे घोडे टिपणाऱ्यांना त्याचे मोल असेल. नवरी हार घालायला जेवढा वेळ घेते तेवढ्यात साडेचार पुष्कळ झाले.

खरी सुधारणा अंधारात आहे. नव्यातल्या सेन्सरमधील तारांचे जाळे प्रकाश झेलणाऱ्या थराच्या मागे नेले आहे, त्यामुळे उजेडाच्या वाटेत अडथळा कमी. त्याचा गणक, एक्सपीड ७, हा निकॉनच्या कितीतरी महाग कॅमेऱ्यांत, म्हणजे २०२१ च्या झेड ९ मध्ये, प्रथम आला. तोच आता पहिल्या पायरीवर उतरला. आणि फोकस? निर्माते म्हणतात की उणे १० ईव्ही इतक्या अंधारात तो फोकस करतो. एफ १.२ चे महागडे भिंग लावून मोजलेला आकडा आहे तो, हे बारीक अक्षरातले मी मामांना मुद्दाम वाचून दाखवले. तरीपण पौर्णिमेच्या चांदण्याहून कितीतरी कमी उजेडाची ही गोष्ट आहे.

कागदावर विसंबू नये म्हणून मार्गशीर्षातल्या एका लग्नाला मामांनी सोलापूरहून तो कॅमेरा एका दिवसाच्या भाड्याने आणला. दोन हजार रुपये मोजले. त्या दिवसाचे मी काय सांगू! नवऱ्याच्या कपाळावर मुंडावळ्या लोंबत होत्या. आमचा जुना कॅमेरा नेहमी मुंडावळ्यांच्या मोत्यांना धरतो आणि डोळे सोडून देतो. याने मोत्यांच्या आडून डोळा शोधला आणि धरून ठेवला. दोनदा चुकला, बाशिंग आडवे आले तेव्हा. पण पंगतीत, वरातीत, सासरी निघताना रडणाऱ्या नवरीच्या मागे मागे चालताना मी पहिल्यांदाच फोकसचा विचार न करता फक्त माणसांकडे पाहत होते. नवरीचे वडील मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते आणि उपरण्याने चष्मा पुसत होते. तो फोटो मला मिळाला. तो अल्बममध्ये पहिल्या पानावर गेला आहे.

येथे आमच्या गावातले एक ज्येष्ठ छायाचित्रकार माझ्याशी सहमत होणार नाहीत. ते म्हणतात, "आता सगळे यंत्रच करते, तुमचे त्यात काय?" त्यांनी छत्तीस फोटोंच्या रिळावर लग्ने केली आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण मला नम्रपणे विचारावेसे वाटते, की फोकस ही कला होती की राखण? ज्याच्याकडे दहा वर्षे उमेदवारी करायला वेळ होता, ज्याला रिळे वाया घालवणे परवडत होते, तोच त्या दारातून आत जाई. मुलींचे तर विचारूच नका. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले. पण त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली जात. दारावरचा राखणदार असा असतो. यंत्राने त्याला थोडे बाजूला सारले असेल तर मला त्याचे दुःख नाही. चष्मा पुसणारा बाप कोठे उभा आहे, हे यंत्राने मला सांगितले नव्हते.

(जाता जाता: हा कॅमेरा माणसे धरून नऊ प्रकारचे विषय ओळखतो. कुत्रे, मांजर, पक्षी, मोटार, मोटारसायकल, सायकल, रेल्वे आणि विमान. बैल त्या यादीत नाही. आमच्याकडे पोळ्याला सजवलेल्या जोडीचे फोटो काढून घेणारे लोक आहेत, आणि विमानाचा फोटो काढायला सांगणारे एकही गिऱ्हाईक आजवर आलेले नाही.)

बाकीच्या सुधारणा मी झटपट सांगते. पडदा आता बाजूला उघडून हवा तसा फिरतो. हळदीच्या गर्दीत कॅमेरा डोक्यावर धरूनही खाली चित्र दिसते. डोळ्यापुढचा लहान पडदा पुष्कळ उजळ झाला, त्यामुळे वैशाखाच्या उन्हातही दिसतो. जुन्यात फोर-के व्हिडिओ काढताना चौकट आखडून जाई; नव्यात सेकंदाला तीस चौकटींपर्यंत पूर्ण रुंदी मिळते. वजन मात्र बॅटरी आणि कार्डासह ६७५ ग्रॅमवरून ७०० झाले.

वजनाचा विषय निघाला म्हणून कॅननचेही सांगते. २०१९ चा ईओएस आरपी ४८५ ग्रॅमचा आणि २०२३ चा आर ८ तर अवघा ४६१ ग्रॅमचा. दहा तास गळ्यात कॅमेरा अडकवणाऱ्या मुलीला हे आकडे भुरळ घालतात. पण त्या दोन्हींत कार्डाची खाच एकच, आणि हात हलला तर सेन्सर सावरून धरणारी यंत्रणा दोन्हींत नाही. निकॉनच्या दोन्ही कॅमेऱ्यांत खाचा दोन आहेत; एकच फोटो दोन्ही कार्डांवर उतरतो. मामांचे एक कार्ड दोन वर्षांपूर्वी बिघडले आणि एका घरची संपूर्ण हळद नाहीशी झाली. ते लोक भांडले नाहीत, नुसते गप्प उठून गेले. तेव्हापासून मामा कार्ड काढताना देवाचे नाव घेतात. त्यांच्यासाठी दुसरी खाच ही चैनीची वस्तू नाही.

आता किमतीकडे येते, कारण माझा राग तेथेच शिल्लक आहे. न्याय करायचा तर मागचेही पाहावे लागेल. २००५ साली कॅननचा ५ डी आला तेव्हा फुल-फ्रेम कॅमेरा सामान्यांच्या आवाक्यात आला असे म्हणत. अमेरिकेत त्याची किंमत ३,२९९ डॉलर होती. २०१९ ला आरपी १,२९९ डॉलरना आला. २०२० ला झेड ५ सुमारे १,४०० ना. म्हणजे पायरी उतरत उतरत खाली आली होती. आणि २०२५ ला झेड ५ टू सुमारे १,७०० ना! पाच वर्षांत त्याच पायरीवर तीनशे डॉलरची एक वीट चढली. सुधारणा फुकट होत नाहीत, महागाई सगळ्यांना आहे, हे मला कळते; मी अर्थशास्त्राचाही एक पेपर दिला आहे. परंतु पायरी उंच करून तिला पहिली म्हणत राहणे हे मला पटत नाही.

याहून मला बोचले ते भिंगाचे. कमी पैशांत संपूर्ण संच हवा असेल तर या कॅमेऱ्यासोबत २४ ते ५० मिलिमीटरचे एक आटोपशीर भिंग मिळते. हलके आहे, सोयीचे आहे. पण ते एफ ४ ला सुरू होऊन एफ ६.३ ला संपते. एफ २ चे भिंग जेवढा उजेड आत घेते त्याच्या जवळजवळ एक दशांशच एफ ६.३ ला आत येतो. मग परातीवर झाकण घालून ती पावसात ठेवण्यासारखे नाही का झाले? ज्या कॅमेऱ्याची सारी थोरवी अंधारात पाहण्यात, त्याच्या डोळ्यावर पहिल्याच दिवशी काळा चष्मा! आणि हा संच घेणारा कोण, तर ज्याच्याकडे पैसे सर्वांत कमी आहेत तो. तो मांडवात जाईल, फोटोंत पुन्हा खसखस येईल, आणि मग लोक त्यालाच म्हणतील की तुला हात नाही.

तेव्हा मामांना मी जे सांगितले ते असे. मेगापिक्सेल पाहू नका, सेकंदाला किती फोटो ते पाहू नका. घ्यायचा तर झेड ५ टू घ्या, कारण अंधारात डोळा धरणे ही एकच गोष्ट आपले तीन हजार वाचवते, आणि दोन कार्डे आपली अब्रू वाचवतात. पण सोबतचे भिंग घेऊ नका. त्याऐवजी ४० मिलिमीटर एफ २ चे साधे भिंग घ्या. ते त्यांच्या स्वस्त भिंगांपैकी आहे. मोठ्या गटाच्या फोटोला चार पावले मागे सरावे लागेल, सरू. आणि पतसंस्थेचे कर्ज काढूनही एवढे जमणार नसेल, तर २०२० चा झेड ५ कोणी वापरलेला विकत असेल तो घ्या आणि वाचलेले पैसे भिंगात घाला. त्यात अंधारात डोळा इतका पक्का धरला जाणार नाही, पण दोन कार्डे त्यातही आहेत, सेन्सर तेवढाच मोठा आहे.

मामांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. मी वहीत केलेला तक्ता उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाले, "जुना घेतला आणि दोन वर्षांनी नवा घेतला, तर जुन्याची बॅटरी नव्यात चालेल का? लग्नाला दोन तरी लागतात."

चालते. दोन्हींची बॅटरी एकच आहे, ईएन-ईएल १५ सी. ते नेमके मी तक्त्यात लिहायचे विसरले होते.